अक्का, जाम आणि माशी

अक्का,

मागच्या आठवड्यात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मिलिंदने माझ्या हातात माईक दिला. "मावशी, आईबद्दल दोन शब्द बोला," म्हणाला. मंडपात तुझं सगळं गाव बसलेलं. जळगावच्या बाजारात माझा, मंगलबाईचा, आवाज पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत जातो, असं तूच सगळीकडे सांगत फिरायचीस. त्या दिवशी तो आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही. "अक्का फार चांगली होती," एवढं कसंबसं म्हटलं आणि खाली बसले.

बसल्याबसल्या वाटलं, हे ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. गेलेल्या प्रत्येक बाईला लोक चांगलीच म्हणतात. तू हट्टी होतीस. तोंडाळ होतीस. कुणाच्याही बांधावर न विचारता जायचीस आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सरळ 'तू' म्हणायचीस. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ते मी मंडपात माईकवर कसं सांगणार होते? म्हणून आता घरी बसून थेट तुझ्याशीच बोलते.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली.

धरणगावाकडचा तुमचा जाम मी बरीच वर्षं माझ्या गाळ्यावर विकायला घेत होते. बाहेरचे लोक पेरू म्हणतात, पण आपल्याकडे लहान पोरालाही जामच माहीत. तुमच्या गावचा जाम म्हणजे गोड, पातळ सालीचा, टेम्पोचं फाळकं उघडलं की गाळाभर वास पसरवणारा. पण त्या वर्षी पावसाळी बहारात काहीतरी बिघडलं. वरून फळ पिवळंधमक, देखणं. कुठेतरी सुई टोचल्यासारखा एक बारीक ठिपका, बस. कापलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. माझ्या शब्दावर सुरतेला गेलेला माल तिथल्या व्यापाऱ्याने उकिरड्यावर ओतला आणि फोनवर मला नको नको ते ऐकवलं. पुढच्या खेपेचा टेम्पो मी गाळ्यावरूनच मागे फिरवला. या गावचा माल आता उतरवायचा नाही, असं हमालांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हजर. पहिल्या एसटीने आलेली, पदर कमरेला खोचलेला, पायांवर चिखलाचे शिंतोडे, हातात जामने भरलेली पिशवी. बाजार ऐन भरात होता. तू सरळ माझ्यासमोर उभी राहिलीस.

"टेम्पो कोनी वापस करा?"

"मी केला. मालात अळी आहे."

"मना मालमा अळी शे? दखाड माले!"

मी पिशवीतला एक जाम उचलला आणि कापायला गेले, तर तू माझ्या हातातली सुरी काढून घेतलीस. पहिला जाम तू स्वतः कापलास. स्वच्छ निघाला. तू आजूबाजूच्या हमालांकडे असं बघितलंस, जणू कुस्तीच जिंकलीस. दुसरा कापलास. तुझा हात थांबला. मग तिसरा, चौथा. भोवती घोळका जमला. मला वाटलं, आता ही म्हणेल की तूच काहीतरी केलंस, तुझ्या गाळ्यावरच माशी आहे. बाजारात बसले की असलं रोज ऐकावं लागतं.

तू सुरी खाली ठेवलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "शे वं बाई. अळी शे."

मग पालथ्या कॅरेटवर बसलीस आणि अगदी हळू म्हणालीस, "काल मनी नातले हाऊच जाम दिन्हा मी."

अक्का, माल परत गेल्याचं दुःख मी खूप पाहिलंय. नातीला अळीचं फळ खाऊ घातलं म्हणून बाजारात डोळे पुसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. म्हणून मी तुला चहा पाजला. मग नवऱ्याला गाळ्यावर बसवलं आणि तुला घेऊन कृषी कार्यालयात गेले.

तिथल्या कृषी सहाय्यक मॅडम तरुण होत्या, पण त्यांनी आपल्याला नीट बसवून समजावलं. ही फळमाशी. मादी पिकायला आलेल्या फळाला टोचा मारते आणि आत अंडी घालते. अळी गर खात वाढते. फळ गळून पडतं. अळी त्यातून बाहेर येऊन मातीत शिरते, तिथे कोष करते आणि थोड्या दिवसांनी माशी होऊन वर येते. वर येते ती पुन्हा झाडावर.

"म्हणजे झाडाखाली पडलेला जाम हा माशीचा पाळणा आहे, मावशी," मॅडम म्हणाल्या. "फवारे कितीही मारा, पाळणा तसाच ठेवला तर उपयोग नाही. आणि एकट्याने करून चालणार नाही. सगळ्या शिवाराने करायला हवं."

पाळणा हा शब्द तुला फार लागला. पावसाने एसटी अडकल्या म्हणून त्या दिवशी तू जळगावातच, पिंप्राळ्याला माझ्याकडे राहिलीस, तेव्हा भाकरी थापतानाही तेच बोलत होतीस. आपण इतकी वर्षं झाडाखाली पाळणे टांगून ठेवले आणि वर माशीला शिव्या दिल्या, म्हणालीस. सकाळी उठून बघते तर तू शेजारच्यांच्या कंपाउंडमध्ये. त्यांच्या जामच्या झाडाखालची सडकी फळं गोळा करत होतीस. शेजारीण दारात उभी राहून ओरडत होती, "ओ बाई, चोरी करता का?" आणि तू तिलाच एक जाम फोडून दाखवत होतीस. ती बिचारी पुढे कितीतरी दिवस जाम खाईना.

त्यानंतर तू कामाला लागलीस. पण सुरुवातीला आपलं किती चुकलं, आठवतंय? पडलेले जाम खोल खड्ड्यात पुरा, असं मॅडमनी सांगितलं होतं. तुमच्याकडचा मुरूम कडक. कुदळ उडायची. तू म्हणालीस, मेलेल्याला कितीसं खोल पुरायचं, आणि हातभर खणून वर माती लोटून दिलीस. थोड्या दिवसांनी मी आले तर तू मला हात धरून त्या खड्ड्यापाशी नेलंस. ऊन पडलं होतं आणि मातीच्या भेगांतून माश्या वर येत होत्या. गांधीलमाशीची पिल्लं वाटावीत अशा, पिवळ्या पट्ट्यांच्या, काचेच्या पंखांच्या. मातीवर बसून पंख वाळवायच्या आणि उडून थेट तुझ्याच झाडावर जायच्या. आपण दोघी बघत राहिलो. मग तुला असं हसू फुटलं की तू तिथेच खाली बसलीस. मला म्हणालीस, ह्या माझ्याच घरच्या लेकी, माझ्या हातानं वाढवलेल्या. त्यानंतर तू काळ्या प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या आणल्यास. जाम आत भरायचे, तोंड घट्ट बांधायचं आणि पिशवी उन्हात टाकायची. आतल्या आत अळी मरायची.

सापळ्यांचीही तीच गंमत. बरणीसारखा डबा, आत औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा. त्या वासावर माश्या यायच्या आणि मरून तळाशी साचायच्या. पहिला भरलेला डबा तू गावभर मिरवलास. मॅडमनी सांगितलं की यात फक्त नर येतात, मादीला या वासाचं काही नसतं. तेव्हा तू म्हणालीस, "वासवर पयनारा नर आमना गावमा बी शेतस. त्यास्ले डबा कोठे भेटी?" वासामागे पळणारे नर गावातही आहेत, त्यांच्यासाठी डबा कुठे मिळेल? मॅडमना हसू आवरेना. पारावर बसलेल्या पुरुषांच्या कानावर हे गेल्यावर, काहींनी केवळ चिडून आपल्या बागेत सापळे लावले. कसे का असेनात, लावले.

पण वेचायचं काम कुणी मनावर घेईना. सकाळी उठून वाकायचं, सडका वास, हाताला चिकट, घोंगावणाऱ्या माश्या. तू घरोघर गेलीस. कुणाच्या ओट्यावर बसून गोड बोललीस, कुणाशी भांडलीस. सगळ्यांना एकच सांगायचीस, गावच्या नावावर माल परत आला, एकट्या अक्काच्या नावावर नाही. बायका आधी तयार झाल्या, कारण तू त्यांना मालाचं सांगितलंच नाहीस. नातीला दिलेल्या जामचं सांगितलंस.

एवढं करूनही पुढच्या पावसाळ्यात माशी हटली नाही. कमी झाली, पण तुझ्या आणि पलीकडच्या बागांत अळी निघतच राहिली. आणि तिचं घर कुठे आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तुझ्या बांधाला लागून आबांची बाग.

आबा निवृत्त शिक्षक, राहायला धुळ्यात देवपूरला. बागेत कुणाचं पाऊल नाही. तण कमरेएवढं. फळं लागायची, पिकायची, पडायची, सडायची. तिथून पिढ्यान् पिढ्या माशी निघायची आणि तुम्ही सगळे जे सकाळभर वेचायचा त्यावर पाणी फिरायचं. गावातल्या दोघातिघांनी आबांना फोन केले होते. ते हो म्हणायचे आणि काही करायचे नाहीत.

"आपण जाऊ," मी म्हटलं. "समोरासमोर बोलू. झाडं तोडायची परवानगी घेऊन येऊ."

तू लगेच पायात चपला घातल्यास. मला वाटलं, तुला पटलं.

पांझरेचा पूल ओलांडून आपण देवपुरात आबांचं घर शोधत फिरलो. एका कॉलनीतलं बैठं, नीटनेटकं घर. आबांनी स्वतः दार उघडलं. पांढरा सदरा, चष्मा, बोलणं अगदी मोजकं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. सुरतेचा व्यापारी, गावाचं गेलेलं नाव, माशी, पाळणा. ते डोळे मिटून ऐकत होते.

"तुमचं म्हणणं खरं आहे," ते म्हणाले. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो. पण मी तिकडे येऊ शकत नाही."

"यायची गरज नाही, आबा. फक्त झाडं तोडू द्या. आम्ही माणसं लावतो."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या पत्नीचा फोटो होता, मालतीबाईंचा. मग एवढंच म्हणाले, "रोपं तिने आणली होती. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन जगवली. ती गेल्यापासून मला ती झाडं बघवत नाहीत. आणि तोडा म्हणायला जीभही उचलत नाही."

मला वाईट वाटलं. पण मी व्यापारी बाई. माणसाचं दुःख त्याच्या जागी आणि शेजारच्यांचं नुकसान त्याच्या जागी, असं मला वाटत होतं. आता थोडा जोर लावला तर आबा हो म्हणतील, हेही कळत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू बोललीस.

"झाडं तोडानं नही, आबा. तू येवू बी नको. माले फक्त बागमा जाऊ दे."

आबा तुझ्याकडे बघतच राहिले. त्यांना 'तू' म्हणणारं माणूस बहुतेक खूप वर्षांनी भेटलं असावं. त्यांनी मान हलवली. 

परतीच्या एसटीत मी तुझ्यावर किती चिडले होते!  पारोळ्याला एकदम सगळं बाहेर आलं. म्हटलं, होकार तोंडाशी आला होता, तू घालवलास. स्वतःची बाग सांभाळताना तुझे गुडघे बोलायला लागलेत आणि आता दुसऱ्याची बाग अंगावर घेतलीस. तू आहेस तोवर ठीक आहे, अक्का. तुझ्यामागे तिथले जाम कोण वेचणार? झाडं तोडली असती तर प्रश्न कायमचा मिटला असता.

तू खिडकीबाहेर बघत होतीस. बाहेर कापसाची शेतं होती. तिकडेच बघत म्हणालीस, "तुले माल समजस, मंगल. मानसं समजतस नहीत."

मला ते लागलं. मी म्हटलं, "आणि तुला माणसं समजतात, पण उद्या समजत नाही."

एरंडोलला धरणगावच्या गाडीसाठी तू उतरलीस. वळून पाहिलंस, हात केलास. मीही केला. भांडण मात्र तिथेच, त्या सीटवर राहिलं.

तुझ्या त्या वर्षाबद्दल मला कुणी विचारलं तर काय सांगू? रोज सकाळी आधी आबांची बाग, मग तुझी. तण काढलंस, झाडाखालची माती उकरून उन्हाला उघडी केलीस, मेलेल्या फांद्या छाटल्यास. आणि गावाने काय केलं? गावात कुजबुज सुरू झाली की अक्काला ती बाग बळकावायची आहे. म्हातारा एकटा, वारस लांब, ही रोज तिथे. पोळ्याच्या दिवशी तू माझ्या गाळ्यावर आलीस आणि माल बघण्याऐवजी आत येऊन पोत्यांवर बसलीस. मी तुला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"माले बाग काय करनी शे, मंगल?" एवढंच म्हणालीस. कुणी काय म्हटलं ते सांगितलं नाहीस. मी म्हणू शकले असते की बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं नाही. तुझ्या पाठीवर हात ठेवून बसले. तुझ्या पाठीचं हाड हाताला लागत होतं. तू बारीक झालीस हे मला त्या दिवशी कळलं, पण कामामुळे असेल असं वाटलं.

तू आठवडाभर विचार केलास आणि आबांना फोन केलास. मग गावातल्या बायकांना आबांच्या बागेत बोलावलंस. सांगितलंस, जी इथले पडलेले जाम वेचेल, तिने झाडावरचे चांगले जाम घरी न्यायचे. पोरांना द्या, पाहुण्यांना द्या, विका, मला एकही नको. आबांनी हो म्हटलंय. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जणी आल्या. मग वाढत गेल्या. ज्यांच्या घरी बाग नव्हती अशा मजुरीवर जाणाऱ्या बायका आधी आल्या, बागायतदारणी नंतर. कुजबुज कधी थांबली ते कुणालाच कळलं नाही. तू मात्र खरोखर तिथला एक जाम घरी नेला नाहीस. तुझ्या सुनेने, रेखाने, मला हे सांगितलं. नात हट्ट करायची तरी नाही.

पुढच्या बहाराला मी सुरतेच्या त्याच व्यापाऱ्याला बोलावलं. तो यायला तयार नव्हता. शेवटी आला. तुमच्या गावचा टेम्पो उभा होता. तो स्वतः कॅरेट निवडत होता, खालून, मधून, कोपऱ्यातून, आणि मी कापत होते.  एका फळात अळी निघाली. एकाच. त्याने ते बाजूला ठेवलं, आणखी कापायला लावले, मग रुमालाने हात पुसत म्हणाला, "मोकलो, बेन." पाठवा.

मी तुला फोन लावला. रेखाने उचलला. अक्का झोपलीये म्हणाली. भर सकाळी अक्का झोपली? मी तेव्हाच निघायला हवं होतं की काय, याचा आता हिशेब करत नाही. तूच कुणाला काही कळू दिलं नव्हतंस. पोटातल्या दुखण्यावर ओव्याची फक्की मारून तू बांधावर जात होतीस आणि मिलिंदने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं तोवर गाठ पसरली होती.

जळगावच्या दवाखान्यात तुझ्याजवळ मी रोज येत होते. गाळा नवऱ्यावर टाकून येत होते, म्हणून तू रागावायचीस. तुला खायचं काही जात नव्हतं. एकदा मी टेम्पोतून तुमच्याच गावचा एक जाम आणला. तू तो दोन्ही हातांत धरलास, नाकाशी नेलास आणि तसाच धरून ठेवलास. सिस्टर येऊन इंजेक्शन देऊन गेली, तरी सोडला नाहीस. मग म्हणालीस, "मंगल, तू बसमा इचारेल ते बरोबर व्हतं. मनामागे जाम कोन येची?" माझ्यामागे जाम कोण वेचणार?

अक्का, मी त्या भांडणात जिंकायला बसले होते, पण असं नाही. तुझ्या तोंडून, त्या खाटेवर, ते मला ऐकायचं नव्हतं.  मी म्हटलं, "आधी बरी हो, मग आपण भांडू." तू हसलीस. डोळे मिटलेस. मला तेव्हा वेगळं बोलायचं होतं. तुझ्यामुळे माझ्या गाळ्यावर माझा शब्द पुन्हा उभा राहिला, हे सांगायचं होतं. बाजारात इतकी वर्षं बसून मला मैत्रीण अशी कुणी नव्हती, ती तुझ्या रूपाने सुरी हिसकावून घेत आली, हे सांगायचं होतं. उद्या सांगू, असं वाटलं. आपल्या माणसाशी बोलायला उद्या नेहमी असतोच, असं वाटतं. याच श्रावणात तू गेलीस.

आता काय झालं ते ऐक.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी आबांचा फोन आला. आवाज खूप थकलेला.

"अक्का गेल्याचं कळलं. मला यायला जमलं नाही. मंगलबाई, आता त्या झाडांचं ओझं कुणावर नको. तुम्ही तेव्हा म्हणत होतात तसं करा. तोडून टाका. मी लिहूनही देतो."

जी परवानगी मागायला मी देवपूरला गेले होते, ती आता घरबसल्या मिळाली. मी पिंप्राळ्यात माझ्या ओट्यावर उभी होते आणि मला आनंद होईना. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं, अक्का, अजूनही मला तसंच वाटतं. बेवारस बागेपेक्षा नसलेली बाग बरी. पण तोडा हा शब्द माझ्याही तोंडातून निघेना.

मी म्हटलं, "आबा, एकदा येऊन बघा. बघून सांगा. मग तुम्ही म्हणाल ते करू."

  ते म्हणाले, "बरं."

काल ते आले. पुतण्याच्या गाडीतून, काठी टेकत. मी आधीच पोचले होते. बागेच्या तोंडाशी ते थांबले, आत पाऊल टाकायला त्यांना वेळ लागला. आम्ही कुणी घाई केली नाही. आत तण नव्हतं. झाडांच्या बुंध्याभोवतीची माती उकरलेली, भुसभुशीत. फांद्यांना सापळे लटकलेले. आणि खाली वाकलेल्या बायका, रेखा त्यांच्यात, पडलेले जाम वेचून काळ्या पिशव्यांत भरत होत्या. तू गेल्यापासून एक सकाळ चुकली नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. कुणी ठरवलं नव्हतं. मी रेखाला विचारलं, तर ती म्हणाली, "आई आजारी पडनी तवयपासूनच येतस बठ्ठ्या. आईले सांगं नही, ती उठीसन येती ना."

तू आजारी पडल्यापासून सगळ्या तुझ्याशिवायही येत होत्या, आणि तू उठून आली असतीस म्हणून तुला सांगितलं नव्हतं, अक्का! दवाखान्यात तू जे विचारत होतीस त्याचं उत्तर इथे बागेत रोज सकाळी वाकत होतं, आणि आपल्या दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. तुला तेवढं कळायला हवं होतं. हे एकच मला राहून राहून खातं.

आबा एकेका झाडापाशी थांबत चालले. एका झाडाला त्यांनी तळहात लावला.  मग बायकांजवळ आले. बायका उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतले.

"झाडं राहू द्या," ते म्हणाले.  "त्या बाईला मी अक्का म्हणूनच ओळखत होतो. तिचं नाव काय?"

"सुमन," मी सांगितलं. "सुमन काशिनाथ."

आबांनी चष्मा काढला. आयुष्यभर वर्गात हजेरी घेतलेला माणूस. पाठ ताठ करून, झाडांकडे तोंड करून, त्यांनी खणखणीत आवाजात तुझं नाव घेतलं. "सुमन काशिनाथ."

 

रेखाने हातातली पिशवी खाली ठेवली.

"शे, आबा," ती म्हणाली.